चार्जिंगची गाडी, खारी हवा आणि पावसाळ्याची ओल



डेअरीला दूध घालायला, पोरांना शाळेत सोडायला, मळ्यात डबा पोचवायला आता आपल्या भागात चार्जिंगच्या दुचाक्या बऱ्याच दिसू लागल्या आहेत. पेट्रोलचा खर्च नाही, किक नाही, आवाज नाही. तीन-साडेतीन युनिट विजेत बॅटरी भरते आणि दोन दिवसांची धावपळ भागते. घरातल्या बायकामाणसांनाही ही गाडी सहज चालवता येते. हा फायदा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही.

परंतु गाडी घेताना आपण जो हिशोब मांडतो त्यात एक रक्कम बहुधा सुटते. ती म्हणजे बॅटरी. गाडीच्या किमतीचा सुमारे तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, एकट्या बॅटरीचा असतो. बॅटरी आठ वर्षे टिकली तर गाडी स्वस्त पडली. तीन वर्षांत गेली तर पेट्रोलमध्ये वाचवलेले सगळे पैसे तिच्यातच घालावे लागतात. आणि चार्जिंगमध्ये चूक झाली तर प्रश्न केवळ पैशाचा उरत नाही, घरातल्या माणसांच्या जिवाचा होतो. म्हणून या अंकात हा पाठ.

आपले बरेच सभासद पश्चिमेकडच्या, घाटाला लागून असलेल्या गावांतले आहेत. जून ते सप्टेंबर तिथे भिंतीसुद्धा घाम धरतात. करूळ, भुईबावडा, फोंडा या घाटांखाली वैभववाडी-कणकवलीकडेही ऊस उभा असतो, आणि अनेकांचे सोयरे-धायरे व नोकरीला गेलेली मुले देवगड, मालवण, वेंगुर्ला या किनाऱ्यावर आहेत. तिथे ओलीला खाऱ्या वाऱ्याची जोड मिळते. तेव्हा घाटावरचे आणि घाटाखालचे, दोघांनीही हा पाठ वाचावा.

१. शत्रू कोण? पाऊस की ओल?

“बॅटरीची गाडी पावसात चालते का?” हा प्रश्न सगळे विचारतात. चालते. चांगल्या गाडीची बॅटरी आणि मोटर बंदिस्त असते. माहितीपत्रकावर ‘आयपी ६७’ असा आकडा छापलेला असतो. त्यातला ६ म्हणजे आत धूळ जात नाही, आणि ७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवले तरी नुकसान होईल इतके पाणी आत जात नाही. ही परीक्षा नव्या वस्तूवर आणि गोड्या पाण्यात घेतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. चार पावसाळे खाल्लेल्या रबरी सीलला तोच आकडा लागू पडेल असे नाही.

पावसाचे पाणी गाडीवर पडते आणि वाहून जाते. वाहून गेलेले पाणी फारसे नुकसान करीत नाही. नुकसान करते ती थांबलेली ओल. जोडाच्या फटीत, प्लगच्या खोबणीत, सीटखाली, फूटबोर्डखालच्या चिखलात ती दिवसचे दिवस बसून राहते. तिच्यात खार मिसळला की काम आणखी बिघडते.

खार म्हणजे काय हे प्रत्येक स्वयंपाकघरात ठाऊक आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलेच पाणी ओढून घेते आणि विरघळते. किनाऱ्यावर पावसाळ्याचे बहुतेक दिवस आर्द्रता याहून जास्त असते. समुद्राच्या वाऱ्याबरोबर आलेले बारीक मीठ गाडीवर बसले की त्याचे पातळ, डोळ्यांना न दिसणारे खारे पाणी होते. पाऊस उघडला, ऊन पडले, तुम्ही म्हणता गाडी सुकली. पण ती सुकलेली नसते. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते आणि लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम या सर्वांना खाते. किनाऱ्यापासून पहिल्या एक-दोन किलोमीटरांत हा त्रास सर्वांत जास्त, पुढे झपाट्याने कमी होतो.

२. समुद्र आपल्याही अंगणात आहे

घाटावरच्या सभासदांना वाटेल, समुद्र लांब आहे, आपल्याला काय त्याचे? पण थोडे थांबा. आपण उसाला पालाश देण्यासाठी जे म्युरेट ऑफ पोटॅश आणतो ते पोटॅशियम क्लोराइड आहे. म्हणजे मिठाचेच भावंड. धातू खाणारा क्लोराइड त्यातही तोच. ४५ किलोचे युरियाचे पोते आपण फूटबोर्डवर टाकून आणतो. युरियाही दमट हवेत मिठासारखाच पाझरतो, हे पावसाळ्यात फोडलेल्या पोत्याकडे पाहिले की कळते. आता विचार करा, बऱ्याच गाड्यांची बॅटरी असते कुठे? त्याच फूटबोर्डखाली. पोत्यातून सांडलेले मूठभर खत मॅटखाली गेले, त्यावर ओल आली, की आपण स्वतःच गाडीखाली मिठागर तयार केले.

दुसरी जागा गोठ्याची. गोठ्यात गोमूत्रामुळे अमोनियाचा वायू असतो. डोळ्यांना झोंबतो तोच. तांबे आणि पितळ यांना तो फार वाईट. गोठ्यातला पितळी प्लग-सॉकेट हिरवा पडलेला आपण पाहतोच. तीच गत गाडीच्या चार्जिंग प्लगच्या पिनांची होते. म्हणून गाडी गोठ्यात उभी करू नये आणि तिथे चार्ज तर मुळीच करू नये. खत आणायचेच झाले तर पोते प्लास्टिकच्या कागदात गुंडाळावे, घरी आल्यावर मॅट काढून झटकावी आणि खालची जागा ओल्या फडक्याने पुसून मग कोरडी करावी.

३. एका हिरव्या पिनेचा हिशोब

जोड खराब झाला म्हणजे नेमके काय होते, हे आकड्यांत पाहू. गाडी चढाला लागली की बॅटरीतून ५० अँपिअर वीज सहज वाहते. समजा एका जोडावर गंज किंवा हिरवा थर बसला आणि त्याचा अडथळा एका ओहमच्या फक्त शंभराव्या भागाइतका वाढला. अडथळ्यात होणारी उष्णता काढायची तर विजेला विजेने गुणायचे आणि अडथळ्याने पुन्हा गुणायचे. ५० गुणिले ५० म्हणजे २५००, त्याचा शंभरावा भाग २५ वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची कथील वितळवणारी सोल्डरिंग गन एवढ्याच शक्तीची असते. म्हणजे गाडी चढावर असेपर्यंत त्या जोडात एक सोल्डरिंग गन चालू आहे असे समजा. प्लास्टिक मऊ पडते, जोड आणखी ढिला होतो, अडथळा आणखी वाढतो. शेवटी एक दिवस गाडी भर रस्त्यात बंद पडते किंवा जोड जळतो.

शेतीपंपाच्या स्टार्टरमधली ढिली वायर कशी काळी पडते हे आपल्याला सांगायला नको. तोच प्रकार आहे.

म्हणून महिन्यातून एकदा, गाडी बंद करून आणि चावी काढून, हाताला सहज लागणारे जोड पाहावेत. चार्जिंगचे तोंड आणि बॅटरी काढता येत असेल तर तिचा प्लग, एवढे पुरे. हिरवट, पांढरा किंवा तपकिरी थर दिसला, पिन काळी पडलेली दिसली, तर मेकॅनिकला दाखवावे. साधी ओल किंवा धूळ असेल तर कोरड्या सुती फडक्याने पुसून, वारा लागू देऊन, विजेच्या जोडासाठी मिळणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा. नंतर रबरी सीलवर सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटाने अगदी पातळ फिरवावे. जास्त ग्रीस म्हणजे जास्त संरक्षण असे नाही, उलट त्यावर धूळ चिकटते. काही कंपन्या ग्रीस लावू नका असे सांगतात, तेव्हा आपल्या गाडीचे पुस्तक आधी पाहावे.

पिना खरवडण्यासाठी पॉलिश पेपर वापरू नये. वरचा मुलामा निघतो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुप्पट वेगाने येतो. रॉकेल, डिझेल, पेट्रोल जोडांवर मारू नये. पावसाळ्यापूर्वी गाडीला खालून जळके ऑइल मारण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती पेट्रोलच्या गाडीलाही फारशी चांगली नाही. चार्जिंगच्या गाडीला तर करूच नये. त्याने रबरी सील फुगतात, वायरीवरचे आवरण बिघडते आणि ब्रेकवर तेल गेले तर अपघात होतो. बॅटरीचा डबा घरी उघडणे तर सोडूनच द्यावे. सील तुटते, वॉरंटी जाते, आणि आतली वीज बटण बंद केल्याने बंद होत नाही.

४. धुण्याची रीत

सर्वांत जास्त पाणी गाडीत पावसाने नव्हे, धुण्याने जाते. औषध फवारणीचा एचटीपी पंप लावून ट्रॅक्टर धुतो तशी ही गाडी धुणारे पुष्कळ आहेत. तो पंप वीस-पंचवीस किलोच्या दाबाने पाणी मारतो. पाण्याच्या फवाऱ्याची जी कडक परीक्षा असते, तिच्यातसुद्धा पाण्याचा दाब साधारण एक किलो असतो, तोही तीन मीटर लांबून. मग जवळून वीस किलोचा फवारा सीलवर मारला तर सील काय करणार? सर्व्हिसिंगवाल्यालाही हे स्पष्ट सांगावे.

आणखी एक गोष्ट. गाडी लांबून आली की मोटर गरम असते. एक साधा प्रयोग घरी करून पाहा. स्टीलचा रिकामा तांब्या चुलीजवळ जरा गरम करा आणि फडक्याने धरून परातीतल्या पाण्यात पालथा ठेवा. तांब्या थंड होऊ लागला की आतली हवा आकसते आणि परातीतले पाणी आत चढते. गरम मोटरवर एकदम गार पाणी पडले किंवा गरम गाडी ओढ्यात घातली की चाकातली मोटर असेच पाणी आत ओढते. जिथून वायर आत जाते तिथून ते शिरते. म्हणून गाडी आल्यावर अर्धा तास सावलीत निवू द्यावी, मगच धुवावी.

बादली, मग, मऊ फडके आणि साधा साबण एवढे पुरे. किनाऱ्यावरून किंवा रेतीच्या रस्त्यावरून आलात तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या हाताने मीठ उतरवावे. विहीर-बोअरचे पाणी खारट असेल तर ते या कामाला चालणार नाही. एक खार काढून दुसरा बसवल्यासारखे होईल. चार्जिंगच्या तोंडावर आणि डिस्प्लेवर पाणी थेट ओतू नये. धुतल्यावर पुसून, वाऱ्यावर दोन-तीन तास उभी करून, मग चार्जिंगला लावावी. उन्हात तापवून सुकवण्याचीही गरज नाही. ऊन आणि उष्णता हे बॅटरीचे दुसरे शत्रू.

पावसाळ्यात गाडीवर प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये. आत ओल कोंडते. दमट धान्य पोत्यात बांधले की त्याला बुरशी येते, तसेच हे. वर पत्रा आणि चारी बाजूंनी वारा, ही सर्वांत चांगली जागा. कव्हर घालायचेच तर सुती घालावे.

५. चार्जिंग: इथे चुकू नका

हा भाग घरातल्या सर्वांना वाचून दाखवावा.

मळ्यातल्या घरात सिंगल फेज नसली म्हणजे काही जण थ्री फेजची एक फेज घेतात आणि न्यूट्रलच्या जागी जमिनीत सळई ठोकतात. बल्ब लागतो, म्हणून वाटते काम झाले. पण त्या सळईतून वीज जमिनीत जाते आणि पावसाळ्यात ओल्या जमिनीत आजूबाजूला पसरते. अनवाणी माणूस किंवा चार पायांचे जनावर तिथून गेले तर धक्का बसतो. अशा जोडणीवर गाडी लावली आणि अर्थची वायर त्याच सळईला असली, तर गाडीच्या लोखंडी सांगाड्यात वीज उतरू शकते. ओल्या हाताने गाडीला हात लावणाऱ्याचे काय होईल हे लिहायला नको. कुंपणानेच शेत खावे तसा हा प्रकार. दोन फेज जोडून चार्जर लावला तर त्याला २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या वर वीज मिळते आणि तो जळतो. म्हणून चार्जिंग फक्त घरगुती मीटरच्या सिंगल फेजवर, खऱ्या न्यूट्रलवर आणि खऱ्या अर्थिंगवरच करावे.

अर्थिंग खरी आहे का, हे वायरमनकडून पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे. आपल्याकडच्या जांभ्या दगडात आणि मुरमात अर्थिंग सहसा कमजोर मिळते. त्यामुळे जागा निवडून, खड्डा नीट भरून घ्यावा लागतो. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. आपल्याकडे बरेच जण त्याला ईएलसीबी म्हणतात. माणसाच्या अंगातून वीज जाऊ लागली की क्षणाच्या आत तो पुरवठा तोडतो. त्यावर ‘टेस्ट’ असे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. पडला तर ठीक, न पडला तर बदलावा. काही हजारांच्या आत होणारा हा खर्च लाखाच्या गाडीच्या आणि लाखमोलाच्या माणसाच्या मानाने काहीच नाही.

बाकीचे नियम थोडक्यात:

चार्जर जमिनीवर ठेवू नये, भिंतीला फळीवर ठेवावा. चार्जरची वायर प्लगजवळ थोडी खाली झोल देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी झोलात ठिबकते, प्लगमध्ये जात नाही. घराच्या सर्व्हिस वायरला वायरमन असाच झोल ठेवतो.

लांबण लावलेली एक्स्टेन्शन बोर्डाची दोरी वापरू नये. सॉकेट १६ अँपिअरचे, पक्के बसणारे असावे.

गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. अर्धा तास थांबावे, प्लगचे तोंड कोरड्या फडक्याने पुसावे, मग लावावे.

काढून आत नेता येणारी बॅटरी थंड जागेतून दमट जागेत आणली तर माठाला सुटते तसे तिला पाणी सुटते. ते पुसून, अर्धा तास जाऊ देऊन मग प्लग लावावा.

वीज कडकडू लागली की चार्जर भिंतीपासून सोडवावा. वळवाच्या दिवसांत तर हमखास.

रात्रभर सोप्यात, बाहेर पडायच्या एकुलत्या एका दारात गाडी लावून आत सर्वांनी झोपू नये. काही बिघाड झाला तर वाट तिथेच अडते. पाचट, वैरण, बारदान, खताची पोती यांच्याजवळही चार्जिंग नको. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी चार्जिंगच्या गाड्या पेटल्या. त्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. त्यांचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून लागू झाला. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी ती कोणत्या महिन्यात बनली हे जरूर विचारावे.

६. पुराचे पाणी लागले तर

२०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराने काय केले हे आपण विसरलेलो नाही. पुरात बुडालेली शेतीपंपाची मोटर आपण तशीच चालू करीत नाही. वाळवतो, मेगर लावून पाहतो, मग चालू करतो. कारखान्यातही पावसाळ्यात बंद राहिलेल्या मोटारींची अशीच तपासणी हंगामापूर्वी होते. चार्जिंगच्या गाडीला हाच नियम, पण आणखी कडक. पाण्यात बुडालेली गाडी चालू करू नये, चार्जिंगला लावू नये, घरात किंवा गोठ्यात आणू नये. घरापासून पन्नास फूट लांब, मोकळ्यावर ठेवून कंपनीच्या माणसाला बोलवावे. बाहेरून सुकली म्हणजे आतून सुकली असे नाही. पाणी आत राहिले तर काही दिवसांनी, काही आठवड्यांनीही आत शॉर्ट होऊ शकतो.

खाऱ्या पाण्याचा धोका त्याहून मोठा. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात इयन नावाचे चक्रीवादळ आले आणि समुद्राचे पाणी वस्तीत शिरले. पाणी ओसरल्यावर, त्यात बुडालेल्या विजेच्या मोटारींपैकी काहींनी उभ्या जागी पेट घेतला. किनाऱ्यावरच्या सभासदांनी आणि आपल्या मुलांनी हे लक्षात ठेवावे. उधाणाचे पाणी येणाऱ्या जागी गाडी उभी करू नये, आणि पुळणीवर लाटांत गाडी घालण्याची हौस तर मुळीच करू नये.

बॅटरी फुगली, हाताला चटका बसेल इतकी तापली, फुसफुस आवाज आला, रसायनासारखा वास आला किंवा धूर दिसला, तर तिच्याजवळ जाऊ नये. माणसे आणि जनावरे लांब न्यावीत, सहज हाताशी असेल तर मेन स्विच पाडावा आणि ११२ वर फोन करावा. गाडी वाचवायला जाऊ नये. गाडी पुन्हा मिळते.

७. वर्षाचे वेळापत्रक

मे महिन्यात: अर्थिंग आणि आरसीसीबी तपासणे, सर्व रबरी टोपणे-सील पाहणे, फाटलेले बदलणे, ब्रेकच्या सांध्यांना ग्रीस, टायरची नक्षी पाहणे.

जून ते सप्टेंबर: दर आठवड्याला फूटबोर्डखालचा आणि मडगार्डमधला चिखल काढणे, टायरची हवा पाहणे, दर महिन्याला जोड पाहणे. डिस्क ब्रेकवर रात्रीतून येणारा तांबूस थर दोन-चार वेळा ब्रेक दाबला की जातो, त्याची काळजी नको. डिस्कला तेल मात्र कधीही लावू नये.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर: लिथियम बॅटरी निम्मी भरलेली ठेवावी आणि महिन्यातून एकदा पाहावी. शिसे-आम्लाच्या जुन्या प्रकारच्या बॅटरीचे उलटे, ती पूर्ण भरूनच ठेवावी. गाडी कोणत्या बॅटरीची आहे हे घेतानाच विचारून पुस्तकावर लिहून ठेवावे.

ऑक्टोबरात: एकदा सर्व्हिसिंग, चाकाच्या बेअरिंगचा आवाज आणि जोड मेकॅनिककडून पाहून घेणे. हंगाम सुरू झाला की आपल्याला कुणालाच वेळ नसतो.

स्वाध्याय

१) पाऊस थांबून ऊन पडले तरी किनाऱ्यावरची गाडी ओली का राहते?
२) फूटबोर्डवरून पोटॅश आणल्यास घरी आल्यावर काय करावे?
३) जमिनीत सळई ठोकून घेतलेल्या विजेवर चार्जिंग का करू नये?
४) आपल्या घरच्या आरसीसीबीचे टेस्ट बटण शेवटचे कधी दाबले?

पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे या पाठात आहेत. चौथ्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या घरच्या बोर्डापाशी जाऊन द्यावे, आणि तेही आजच. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. ज्यांच्या घरी हे बटणच नाही, त्यांनी पावसाळ्याची वाट न पाहता वायरमनला बोलवावे. शंका असल्यास सभासदांनी आपल्या गट कार्यालयात किंवा स्लिप बॉयकडे लिहून द्याव्यात. पुढील अंकात त्यांची उत्तरे देण्याचा आम्ही प्रयत्न करू.